घरच्या हॉलमध्ये ॲक्टिव्ह स्पीकर: जागा, मोजणी आणि रूम करेक्शन

नवे स्पीकर टीव्ही युनिटवर ठेवले, लॅपटॉप जोडला, गाणं लावलं. सोफ्यावर बसलं की डग्गा दणदणतो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं की तोच डग्गा गायब. अशा वेळी बहुतेक जण स्पीकरला दोष देतात, पण स्पीकर ठीक असतात. साधारण २५० हर्ट्झच्या खाली कानावर काय पडेल ते खोली ठरवते. आपल्याकडच्या हॉलला विटा-सिमेंटच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली व्हिट्रिफाइड टाइल्स असतात. लाकडी सांगाडा आणि जिप्सम बोर्डाच्या परदेशी घरांत बासचा काही भाग भिंतीच शोषून घेतात किंवा बाहेर जाऊ देतात; आपल्याकडे तो आतल्या आत आपटत राहतो. त्यामुळे परदेशी व्हिडिओ पाहून केलेली मांडणी इथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

कामाचा क्रम असा: आधी जागा, मग जोडणी, मग मोजणी, आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर, म्हणजे ठरावीक सूर कमी-जास्त करून केलेलं रूम करेक्शन. हा क्रम उलटा करणाऱ्यांचे तास वाया जातात, कारण स्पीकर सहा इंच सरकवला की आधीची सगळी मोजणी रद्द होते.

काय काय लागेल

ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये वूफरला (खालचा आवाज काढणारा मोठा पडदा) वेगळा आणि ट्वीटरला (वरचा आवाज काढणारा छोटा पडदा) वेगळा ॲम्प्लिफायर असतो, आणि सिग्नलची वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधी होते. बाजारात ‘ॲक्टिव्ह’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जोड्यांत एकाच खोक्यात ॲम्प्लिफायर असतो आणि तिथून दुसऱ्या खोक्याकडे साधी स्पीकरची वायर जाते. तीही जोडी वापरता येते, फक्त तिच्यात बॅलन्स्ड इनपुट (सिग्नल दोन उलट तारांतून घेऊन बाहेरची गुणगुण कापणारं) आणि मागचे जुळवणीचे स्विच बहुधा नसतात. हे स्विच उपयोगी असतात. जेबीएल ३०५पी मार्क टूवर भिंतीजवळ ठेवल्यावर वाढणारा बास दीड किंवा तीन डेसिबलने कमी करायचा स्विच आहे. यामाहा एचएस५वर ‘रूम कंट्रोल’ नावाचा तसाच स्विच दोन किंवा चार डेसिबलने बास उतरवतो.

१५० ते १८० चौरस फुटांच्या हॉलला ५ इंची वूफर पुरतो. १० बाय १०च्या बेडरूममध्ये ८ इंची स्पीकर घेणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

बाकी सामान:
– दोन मजबूत स्टँड, किंवा टेबलावर ठेवायचे असतील तर दाट फोमच्या उतरत्या पॅडची जोडी
– बॅलन्स्ड आउटपुट असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस किंवा डॅक (लॅपटॉपमधला डिजिटल आवाज स्पीकरसाठीच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी)
– त्याला जुळणाऱ्या दोन बॅलन्स्ड केबल, एकसारख्या लांबीच्या
– मोजणीचा यूएसबी माइक. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ सगळ्यात रुळलेला
– माइकसाठी ट्रायपॉड
– मोजपट्टी, हाताचा आरसा, थोडी रंगीत टेप
– रूम ईक्यू विझार्ड हे मोजणीचं सॉफ्टवेअर, ज्याला सगळे आरईडब्ल्यू म्हणतात. मूळ आवृत्ती मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते.

फोनचा माइक मोजणीसाठी चालत नाही. बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून फोन खालचा आवाज छाटतो आणि पातळीही आपोआप वरखाली करतो, आणि आपल्याला नेमका खालचाच भाग मोजायचा असतो. गाण्यासाठी घेतलेला कंडेन्सर माइकही नको. तो बहुधा एकाच दिशेने ऐकणारा असतो आणि त्याची कॅलिब्रेशन फाइल (त्या माइकच्या चुका भरून काढणारी आकड्यांची फाइल) मिळत नाही.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला स्पीकर असेल तर प्लग लावण्याआधी मागचं पॅनेल वाचा. काहींवर ११५ आणि २३० व्होल्टचा स्विच असतो, काही दोन्ही व्होल्टेज आपोआप घेतात, काही फक्त ११५चे असतात. या तिसऱ्या प्रकाराला आपल्या सॉकेटमध्ये घातलं तर तो त्याचा शेवटचा आवाज असेल.

खोलीचं गणित, तेवढंच

दोन समोरासमोरच्या भिंतींत आवाजाची अर्धी लाट बरोबर बसली की ती कंपनसंख्या खोलीत उभी राहते आणि घुमते. आपल्या हवामानात ५७० या आकड्याला खोलीच्या फुटांतल्या मापाने भागलं की ती हर्ट्झमध्ये मिळते. १५ फूट लांब, ११ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच हॉल घेऊ. उत्तरं येतात ३८, ५२ आणि ६०. त्यांच्या दुपटीही धरायच्या: ७६, १०४, १२०. हॉल पॅसेजला किंवा बाल्कनीला उघडा असेल तर आकडे थोडे सरकतात, पण कुठे शोधायचं ते कळतं.

दुसरं गणित स्पीकरमागच्या भिंतीचं. वूफरपासून निघालेला खालचा आवाज मागे जाऊन भिंतीवर आपटतो आणि परत येतो. एका विशिष्ट कंपनसंख्येला तो उलटा होऊन परततो आणि मूळ आवाज खातो. २८५ या आकड्याला वूफरच्या तोंडापासून भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. अंतर २ फूट असेल तर १४२ हर्ट्झला खड्डा, ३ फूट असेल तर ९५ला. हा खड्डा इक्वलायझरने भरून निघत नाही, म्हणून त्याची व्यवस्था जागा ठरवतानाच लावायची.

काळी एक सुरात गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो आणि वरचा षड्ज १३९च्या आसपास. स्पीकर भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर १४२चा खड्डा जवळपास षड्जावरच येतो. खर्ज फुगलेला आणि जोडीच्या तारा दबलेल्या असा तंबोरा ऐकू आला तर कारण बहुधा हे असतं.

जागा

स्पीकर आखूड भिंतीशी ठेवून लांबीच्या दिशेने वाजवणं बहुतेक हॉलमध्ये बरं पडतं. मात्र एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला लगेच पॅसेज अशी रचना असेल तर लांब भिंत चालेल. डावी-उजवी बाजू सारखी असणं जास्त महत्त्वाचं. निदान पहिल्या चार-पाच फुटांत दोन्ही बाजूंना एकसारखं काही असू द्या. एका बाजूला काचेची स्लायडिंग खिडकी आणि दुसऱ्या बाजूला उघडा भिंतभाग असेल तर खिडकीला जाड पडदा हवाच.

१. दोन स्पीकरमध्ये ट्वीटरपासून ट्वीटरपर्यंत पाच ते सहा फूट अंतर ठेवा. तुमचं डोकं दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर येईल असा समभुज त्रिकोण करा. मोजपट्टीने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. दोन्ही बाजूंत अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक नको.

२. वूफरचं तोंड मागच्या भिंतीपासून सव्वा फुटाच्या आत आणा. मग खड्डा २३० हर्ट्झच्या वर जातो, तिथे तो उथळ असतो आणि पातळ पॅनेलनेही आटोक्यात येतो. भिंतीजवळ आल्याने फुगलेला बास मागच्या स्विचने उतरवा. मागे पोर्ट (हवा आत-बाहेर करणारं भोक) असलेल्या स्पीकरच्या पाठीमागे चार इंच तरी मोकळे ठेवा. अडीच ते चार फुटांचा पट्टा शक्यतो टाळा, त्यात खड्डा ७० ते ११५ हर्ट्झमध्ये पडतो आणि डग्ग्याचा सगळा भरदारपणा जातो.

३. बाजूच्या भिंतीचं अंतर मागच्या भिंतीच्या अंतराइतकंच ठेवू नका. दोन खड्डे एकाच जागी पडले की ते खोल होतात.

४. ट्वीटर कानाच्या उंचीवर आणा. खुर्ची-सोफ्यावर कान साधारण ३८ ते ४२ इंचांवर येतो, खाली गादीवर बैठक असेल तर ३०च्या आसपास. बसा आणि कुणाला तरी मोजायला सांगा. टीव्ही युनिट खूप खाली असेल तर स्पीकर मागे झुकवून कानाकडे रोखा.

५. बसायची जागा हॉलच्या बरोबर मध्यावर नको आणि भिंतीला टेकूनही नको. मध्यावर लांबीचा पहिला सूर (आपल्या उदाहरणात ३८) जवळजवळ ऐकूच येत नाही, तर भिंतीला टेकून बसलं की सगळेच घुमारे पूर्ण ताकदीने अंगावर येतात. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून सुरुवात करा आणि तिथून अर्धा-अर्धा फूट मागेपुढे सरकून पाहा.

पाचवा मुद्दा घरात सगळ्यात जास्त वाद घालतो, कारण सोफा भिंतीलाच असतो आणि तिथेच राहणार असतो. निदान दीड-दोन फूट पुढे घेता येतो का पाहा. मागे झाडू मारायलाही सोय होते. अजिबातच जमत नसेल तर डोक्यामागच्या भिंतीवर चार इंच जाड पॅनेल लावा आणि बासची दुरुस्ती मोठी लागणार हे धरून चाला.

जागा ठरली की स्टँडच्या पायांभोवती जमिनीवर टेपच्या खुणा करा. लादी पुसताना स्टँड हलतोच.

मऊ सामान

टाळी वाजवा. टाळीमागे पत्र्यासारखा झणझणाट आला तर इक्वलायझरच्या आधी जमीन झाका. स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड गालिचा, किंवा सतरंजीखाली जुनी गोधडी. मग सोफ्यावर बसून कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ट्वीटर दिसेल ती पहिल्या परावर्तनाची जागा. तिथे पॅनेल, पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा.

पॅनेल घरी करता येतं. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचे दोन इंची रॉकवूलचे दोन स्लॅब एकावर एक, भोवती चार इंच खोल लाकडी चौकट, वर मांजरपाट घट्ट ताणून स्टेपल केलेलं. भिंत आणि पॅनेलमध्ये दोन इंचांची फट ठेवली तर ते आणखी खालपर्यंत काम करतं. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला. त्याचे तंतू कातडीला खाजवतात. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा पिरॅमिड फोम बासला हातही लावत नाहीत. ते फक्त वरचा आवाज खातात, खोली मेल्यासारखी वाटते आणि घुमारा तसाच राहतो.

जोडणी

सगळं सामान, म्हणजे दोन्ही स्पीकर, इंटरफेस आणि लॅपटॉपचा चार्जर, एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डवरून चालवा. वेगवेगळ्या सॉकेटवरून घेतलं की अर्थिंगचा वेढा तयार होतो आणि ५० हर्ट्झची गुणगुण सुरू होते. केबल टीव्हीची जाड वायर सेट-टॉप बॉक्समधून आत येत असेल तर तीही हा वेढा घालते. ती काढून पाहिली की लगेच समजतं. गुणगुण घालवायला स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन कापू नका, दोन पिनांचा ॲडाप्टरही लावू नका. गुणगुण जाईल, पण स्पीकरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पॅनेलवर २३० व्होल्ट येतील. बॅलन्स्ड केबल वापरा. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये लाइन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

नवख्यांची एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून तीन वळ्यांची साधी स्टीरिओ केबल थेट स्पीकरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली जाते. आवाज येतो, वाद्यं ऐकू येतात, पण गायक नाहीसा होतो. स्पीकर त्या दोन तारांमधला फरक वाजवतो, आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखं असलेलं सगळं त्या फरकात कटून जातं. गायक नेहमी मध्येच असतो. हेडफोन जॅकमधूनच घ्यायचं असेल तर एका टोकाला स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक असलेली केबल लागते.

मागचा संवेदनशीलतेचा स्विच बॅलन्स्ड इंटरफेससाठी प्लस ४ला, फोन किंवा टीव्हीसाठी उणे १०ला. दोन्ही स्पीकरचे नॉब एकाच खुणेवर ठेवा आणि नंतर हात लावू नका. आवाज कमी-जास्त करायचा तो इंटरफेसवरून. चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी, नाहीतर प्रत्येक वेळी धाडकन आवाज होऊन ट्वीटरला धक्का बसतो. कान ट्वीटरला लावल्यावर ऐकू येणारी बारीक सळसळ स्वाभाविक आहे. बसायच्या जागेवरून ती ऐकू येत असेल तर स्पीकरचा नॉब उतरवा आणि इंटरफेसचा चढवा.

मोजणी

दुपारची किंवा रात्री उशिराची शांत वेळ निवडा, पण शेजाऱ्यांना स्वीपचा, म्हणजे खालपासून वरपर्यंत चढत जाणाऱ्या मोजणीच्या सुराचा, आवाज सहन होईल अशी. पंखा, एसी बंद. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबेपर्यंत थांबा. कुकर गॅसवर असेल तर सुरूच करू नका. खिडक्या-दारं रोज ऐकताना जशी असतात तशीच ठेवा, कारण बंद खिडकीत मोजलेला बास उघड्या खिडकीला लागू होत नाही.

माइकची कॅलिब्रेशन फाइल त्याच्या सीरियल नंबरवरून मिनीडीएसपीच्या साइटवरून उतरवून घ्या. दोन फाइली मिळतात. माइक स्पीकरांच्या मधोमध रोखायचा असेल तर शून्य अंशाची, छताकडे रोखायचा असेल तर नव्वद अंशाची. बासपुरता फरक पडत नाही, पण फाइल आणि दिशा जुळलेली असू द्या.

१. आरईडब्ल्यूच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुट म्हणून माइक, आउटपुट म्हणून इंटरफेस निवडा. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. यूमिक-१ त्यावरच चालतो. विंडोजमधली आवाज ‘सुधारणारी’ सगळी एन्हान्समेंट बंद करा.

२. माइक ट्रायपॉडवर, डोक्याच्या जागी, कानाच्या उंचीवर. तुम्ही स्वतः बाजूला व्हा. सोफ्याची पाठ उंच असेल तर त्यावर गोधडी टाका, नाहीतर तिच्यावरून उसळलेला आवाज मोजणीत येतो.

३. पिंक नॉइज (सगळे सूर असलेली सलग सळसळ) लावून पातळी ७५ डेसिबलच्या आसपास आणा. ऐकायला हा आवाज बराच मोठा वाटतो, तेवढाच ठीक.

४. स्वीप २० ते २०,००० हर्ट्झ. आधी फक्त डावा, मग फक्त उजवा, मग दोन्ही. बाहेर रस्त्याचा आवाज सतत येत असेल तर स्वीपची लांबी दुप्पट करा. गोंगाटापासून तीन डेसिबल सुटका मिळते.

५. हेच डोक्याभोवती फूटभराच्या परिघात आणखी चार ते आठ ठिकाणी करा. मग डाव्याच्या सगळ्या मोजण्यांची एक सरासरी, उजव्यांची दुसरी. सरासरी काढताना आरएमएस पर्याय निवडा. व्हेक्टर सरासरीत जागेच्या फरकामुळे वरचे सूर एकमेकांना कापतात आणि आलेख खोटाच उतरता दिसतो.

आलेख २० ते ५०० हर्ट्झ एवढाच पसरून बघा, आणि चोवीसांश अष्टकापेक्षा (१/२४ ऑक्टेव्ह) जास्त गुळगुळीत करू नका. मघाशी काढलेले ३८, ५२, ७६, १०४ तिथे दिसतात का ते शोधा. दहा-बारा डेसिबलचे उंचवटे आणि पंधरा-वीस डेसिबलचे खड्डे दिसले तर घाबरू नका, उपचार न केलेल्या हॉलमध्ये हे नेहमीचं आहे. कुठला सूर किती वेळ टिकतो ते दाखवणाऱ्या वॉटरफॉल आलेखात तेच उंचवटे डोंगराच्या सोंडेसारखे लांब पुढे आलेले दिसतील. सूर थांबल्यावरही ते रेंगाळतात, त्यामुळे डग्ग्याचे बोल एकमेकांत मिसळतात.

इथे एकदा थांबा आणि जागेकडे परत जा. स्पीकर तीन-चार इंच, खुर्ची अर्धा फूट हलवून पुन्हा मोजा. दोन-तीन फेऱ्यांत खड्डा अर्धा भरलेला बऱ्याचदा दिसतो, आणि तो भरायला ॲम्प्लिफायरचा एक वॉटही जास्त लागलेला नसतो.

इक्वलायझर

नियम थोडेच आहेत. उंचवटे कापा, खड्डे सोडून द्या. खड्डा म्हणजे दोन लाटा एकमेकींना खात आहेत. तिथे सिग्नल वाढवला की दोन्ही लाटा वाढतात आणि खड्डा होता तिथेच राहतो. वर नऊ डेसिबलच्या वाढीला त्या पट्ट्यात जवळपास आठपट ताकद लागते. ५ इंची वूफर तिथे धापा टाकतो. उंचवट्याचं मात्र वेगळं आहे. खोलीचा घुमारा योग्य कंपनसंख्येला आणि योग्य रुंदीने कापला की त्याची पातळीही उतरते आणि त्या जागेवर त्याचं रेंगाळणंही कमी होतं.

आणि ३०० हर्ट्झच्या वर सहसा हात लावू नका. तिथे माइकला दिसणारे बारीक चढउतार हे थेट आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज यांची बेरीज असतात. कान त्या दोघांना वेगळं ओळखतो, माइक ओळखत नाही. चांगल्या स्पीकरचा सरळ आवाज या बेरजेवरून वाकवला की तो बिघडतो. माणसाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटू लागला तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण हेच असतं.

आरईडब्ल्यूच्या ईक्यू खिडकीत आधी स्पीकरचा प्रकार ‘बास लिमिटेड’ निवडा आणि खालची मर्यादा ५ इंची वूफरसाठी ४५ हर्ट्झच्या आसपास ठेवा. पोर्टच्या सुराखाली वूफरच्या पडद्याला हवेचा आधार राहत नाही. तिथे वाढ मागितली तर तो नुसता फडफडतो. जुळवणीचा पट्टा ४० ते ३०० हर्ट्झ, प्रत्येक फिल्टरची (म्हणजे एकेका पट्ट्यावरच्या दुरुस्तीची) कमाल वाढ शून्य, एकूण वाढही शून्य. लक्ष्याची रेषा अगदी सपाट नको. २०० हर्ट्झपासून खाली हळूहळू चढत ५०-६०ला चार-पाच डेसिबल वर जाणारी ठेवा. सपाट बास खोलीत किरटा वाटतो. मग सॉफ्टवेअरला फिल्टर तयार करायला सांगा.

आपल्या उदाहरणातल्या हॉलमध्ये साधारण असं काही निघतं: ५२ हर्ट्झला उणे ८ डेसिबल, क्यू ६ (क्यू जितका मोठा तितका काप अरुंद); ७६ला उणे ४, क्यू ५; १०४ला उणे ५, क्यू ६; १५५ला उणे ३, क्यू ३. सॉफ्टवेअरने वीस फिल्टर सुचवले तर त्यातले एक-दोन डेसिबलचे सगळे पुसून टाका. प्रत्येक बाजूला पाच ते आठ पुरे. १०० हर्ट्झच्या खाली दोन्ही बाजूंचे फिल्टर सारखे ठेवणं सोयीचं असतं, कारण बहुतेक रेकॉर्डिंगांत तिथला आवाज दोन्हीकडे सारखाच असतो.

हे फिल्टर चालवायचे कुठे? विंडोजवर इक्वलायझर एपीओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. बसवताना आपला इंटरफेस निवडा, संगणक पुन्हा सुरू करा, आरईडब्ल्यूमधून निर्यात केलेल्या डाव्या-उजव्या फाइली त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये आपापल्या चॅनेलखाली जोडा. कुठेही वाढ दिली असेल तर त्यातला प्रीॲम्प (एकूण पातळी) तेवढ्या डेसिबलने उतरवा, नाहीतर मोठ्या आवाजात कर्कश फाटणं सुरू होतं. लिनक्सवर किंवा रास्पबेरी पायवर कॅमिलाडीएसपी हे तसंच सॉफ्टवेअर उत्तम. टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळंच एकाच दुरुस्तीतून जायला हवं असेल तर मिनीडीएसपी २x४ एचडीसारखी पेटी घ्या. तिच्यात प्रत्येक चॅनेलला दहा फिल्टर बसतात. चित्रपट बघणार असाल तर लांबलचक लिनियर फेज फिल्टर टाळा. ४८ किलोहर्ट्झला ६५,५३६ टॅपचा (टॅप म्हणजे फिल्टरच्या लांबीचं माप) असा फिल्टर आवाज सुमारे दोन तृतीयांश सेकंद मागे ठेवतो आणि ओठ व शब्द जुळत नाहीत.

जेनेलेकची जीएलएम, न्यूमनचा एमए १ माइक किंवा डिरॅक लाइव्ह या तयार दुरुस्ती-व्यवस्थांत हे सगळं आपोआप होतं. पण क्रम तोच: आधी जागा. डिरॅकमध्ये दुरुस्तीची हद्द दाखवणारे पडदे सरकवता येतात. वरचा पडदा ३००वर आणून एकदा ऐका, मग पूर्ण पट्ट्यात ऐका, आणि स्वतः ठरवा.

पडताळणी

फिल्टर चालू ठेवून पुन्हा मोजा. आलेख जसाच्या तसा आला, कापलेले उंचवटे तिथेच उभे, तर सिग्नल इक्वलायझरला वळसा घालून जातो आहे. आरईडब्ल्यूमध्ये विंडोजला वगळून थेट इंटरफेसशी बोलणारा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला असेल तर हेच होतं, तिथे जावा ड्रायव्हर घ्या. गाण्याच्या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (प्लेअर इंटरफेस एकट्याच्या ताब्यात घेतो तो पर्याय) चालू असेल तरीही तेच.

मग कानाने. फिल्टर लावले की एकूण आवाज थोडा उतरतो, आणि जो मोठा तो कानाला चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दुरुस्त केलेला आवाज दीड-दोन डेसिबलने चढवून बरोबरीला आणा. नाहीतर दुरुस्ती नेहमी हरेल. घुमाऱ्याची सवय झालेल्या कानाला पहिले दोन-तीन दिवस बास हरवल्यासारखा वाटतो. एवढ्यावरून फिल्टर पुसू नका.

पुरुष निवेदकाचं नुसतं बोलणं लावा. छातीतला गुंजारव पिंपातून आल्यासारखा वाटला तर १०० ते २०० हर्ट्झमध्ये अजून उंचवटा आहे. विलंबित ख्याल लावा: तंबोऱ्याच्या चारही तारा जवळपास सारख्या वजनाने फिरल्या पाहिजेत, आणि डग्ग्यावरची मींड खालपासून वरपर्यंत एकसंध जायला हवी. ती मध्येच एका सुरावर फुगली तर तो सूर आरईडब्ल्यूच्या सूर-जनरेटरने शोधा आणि तिथला फिल्टर एक-दोन डेसिबलने खोल करा. आवाज बरोबर मध्यात नसेल तर आधी अंतरं मोजा. एका फुटाच्या फरकाने एका बाजूचा आवाज ०.९ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि मध्य तिकडून निसटायला तेवढं पुष्कळ आहे.

सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) जोडायची घाई करू नका, आणि जोडलात तर खालच्या मजल्याचा विचार आधी करा. बास हवेपेक्षा स्लॅबमधून जास्त प्रवास करतो. खाली जाड रबरी पॅड ठेवल्याने त्यातला थोडा भागच थांबतो. जागा शोधायला सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, मग माइक घेऊन भिंतीच्या कडेकडेने मोजत फिरा. जिथे आलेख सगळ्यात कमी वरखाली जातो तिथे सबवूफर. क्रॉसओव्हर (जिथे सबवूफर आणि स्पीकर यांच्यात आवाजाची वाटणी होते ती कंपनसंख्या) ८० हर्ट्झला ठेवून सुरुवात करा, आणि मोजणी-फिल्टर पुन्हा पहिल्यापासून.

नंतर येणाऱ्या तक्रारी

मंद आवाजात गाणं मध्येच बंद पडतं: वीज वाचवणारा स्लीप मोड कमी सिग्नलला ‘काहीच वाजत नाही’ समजतो. मागे त्याचा स्विच असेल तर बंद करा. नसेल तर स्पीकरचा नॉब उतरवून इंटरफेसचा आउटपुट वाढवा, म्हणजे स्पीकरपर्यंत सिग्नल मोठा पोहोचेल.

चार्जर लावला की किरकिर येते: चार्जरच्या अर्थिंगमधून ती येते. बॅटरीवर गेली तर खात्री पटली. बॅलन्स्ड जोडणी करा किंवा मध्ये यूएसबी आयसोलेटर लावा.

एकाच सुरावर काहीतरी थरथरतं: स्पीकर नव्हे, शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी किंवा फॉल्स सीलिंगचा पत्रा. आरईडब्ल्यूच्या सूर-जनरेटरने तो सूर सतत वाजवा आणि हाताने दाबत दाबत शोधा.

नवं कपाट आलं, सोफा हलला, बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतली: पुन्हा मोजा. जुने फिल्टर आता दुसऱ्याच खोलीचे आहेत. प्रत्येक मोजणी तारीख आणि स्पीकरची अंतरं नावात घालून जपून ठेवा.

काल चांगलं होतं, आज अचानक पुन्हा दणदणतंय, घरात काहीच हललेलं नाही: विंडोजचा मोठा अपडेट किंवा इंटरफेसचा नवा ड्रायव्हर आला की इक्वलायझर एपीओ उपकरणापासून सुटतो. त्याचा कॉन्फिग्युरेटर उघडून इंटरफेसवर पुन्हा खूण करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि एक झटपट स्वीप घेऊन ५२चा उंचवटा खाली बसला आहे का ते बघा.